नानकटाईत तूप कोणते?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बेकरीसमोर डब्यांची रांग लागत असे. मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घरून न्यायचे आणि भट्टीवाल्याकडून नानकटाई भाजून आणायची, अशी ती रीत. काही ठिकाणी ती अजून टिकून आहे. बाकीच्या घरांत भट्टीची जागा ओट्यावरच्या ओव्हनने घेतली आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत तर घरच्या घरी केक आणि पाव करून पाहणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. आता वाढदिवसाचा केक, मुलांच्या डब्यातली बिस्किटे, चहाबरोबरची खारी असे बरेच काही घरीच होते. त्यामागचा विश्वास एकच असतो : घरचे आहे, म्हणजे चांगलेच असणार.

या विश्वासात तथ्य आहे. घरी स्वच्छता आपल्या हातात असते, रंग आणि टिकवण्याची रसायने टाळता येतात, जिन्नस ताजे असतात. पण पदार्थ कुणाच्या हातचा आहे हे हृदयाच्या रक्तवाहिन्यांना कळत नाही. त्यात कोणता स्निग्ध पदार्थ घातला आणि किती घातला, याचाच परिणाम त्यांच्यावर होतो. नेमक्या याच दोन प्रश्नांकडे घरच्या बेकिंगमध्ये सर्वात कमी लक्ष दिले जाते.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, त्याला कारण आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासातील माहितीचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतासह दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आल्याचे त्यात दिसले. इतर देशांत हे वय जवळपास ५९ होते. म्हणजे मुलांची शिक्षणे पुरी व्हायच्या आत, घरातला कमावता माणूस खाटेवर. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर ही त्याची मोठी कारणे आहेत. रक्तातील घातक चरबी हेही त्यांतलेच एक, आणि तिचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो.

तेलाचे तूप कसे झाले?

तेल पातळ का असते आणि तूप घट्ट का, याचे उत्तर त्यांच्या रेणूंच्या आकारात आहे. वनस्पती तेलातील बरीचशी मेदाम्ले असंपृक्त असतात. त्यांच्या साखळीला मध्येच बाक असतो. बाकदार काठ्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तसे हे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल वाहते राहते. तुपात संपृक्त मेदाम्ले जास्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असतात, त्या एकमेकींवर नीट रचल्या जातात आणि तूप थिजते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निकेलसारख्या धातूच्या मदतीने तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याची पद्धत शोधली. स्वस्त तेलापासून तुपासारखा दिसणारा आणि महिनोन् महिने टिकणारा पदार्थ तयार होऊ लागला. भारतात १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आले आणि इतके रुळले, की मराठी घरांत वनस्पती तुपाचे ते सामान्यनामच होऊन बसले. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ झाली तर प्रयोगशाळेत ती पकडता यावी, म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याचे कायदेशीर बंधनही पुढे आले. त्या काळी चिंता होती ती भेसळीची. वनस्पती तूप स्वतःच हृदयाला घातक असू शकेल, अशी शंका फारशी कुणाला नव्हती.

खरा दोष होता प्रक्रियेत. तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळला की काही रेणूंचा बाक जातो, पण ते संपृक्तही होत नाहीत. असंपृक्त असूनही सरळ झालेल्या या रेणूंना ट्रान्स फॅट म्हणतात. हायड्रोजन पूर्णपणे मिसळला तर ट्रान्स फॅट जवळपास राहत नाही, पण मग पदार्थ मेणासारखा कडक होतो. लोण्यासारखा मऊपणा हवा म्हणून प्रक्रिया मध्येच थांबवली जात असे आणि तिथेच ट्रान्स फॅट तयार होत असे.

धोका कसा लक्षात आला?

१९९० मध्ये नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी ५९ निरोगी स्त्री-पुरुषांना तीन-तीन आठवडे वेगवेगळी चरबी असलेला आहार दिला. ट्रान्स फॅट असलेल्या आहाराने रक्तातील एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढले आणि एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल घटले. संपृक्त चरबी एलडीएल वाढवते, पण एचडीएल असे खाली आणत नाही. ट्रान्स फॅट दोन्ही बाजूंनी नुकसान करते. १९९३ मध्ये अमेरिकेतील सुमारे ८५ हजार परिचारिकांच्या आठ वर्षांच्या पाहणीत, जास्त ट्रान्स फॅट खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा : रोजच्या उष्मांकांपैकी २ टक्के ट्रान्स फॅटमधून आले, तर हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी हे २ टक्के म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम, चहाचा एक चमचा.

डेन्मार्कने २००३ मध्ये कायदा करून अन्नातील औद्योगिक ट्रान्स फॅट चरबीच्या २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना ते हद्दपार करण्याचे आवाहन केले. भारतात ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. आधी १० टक्के, मग ५ टक्के, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के.

या नियमाने काय साधले, हे नानकटाईवरच मोजून पाहता येते. दोन वाट्या पीठ, एक वाटी साखर, एक वाटी तूप हे ढोबळ प्रमाण धरले तर २५ ग्रॅमच्या एका नानकटाईत साधारण ६ ग्रॅम तूप असते. १० टक्के ट्रान्स फॅट असलेले वनस्पती वापरले, तर चार नानकटायांतून सुमारे २.४ ग्रॅम ट्रान्स फॅट पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराची कमाल मर्यादा साधारण २.२ ग्रॅम आहे. म्हणजे फराळाच्या एका बशीत ती ओलांडली. तेच वनस्पती २ टक्क्यांच्या नियमात बसणारे असेल, तर चार नानकटायांतून अर्धा ग्रॅमही जात नाही. कोणत्याही घराने आपली पाककृती न बदलता हा फरक पडला.

मात्र नियम पाकिटाला लागू करणे सोपे असते. सुट्या विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या 'बेकरी तुपा'त काय आहे, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पूर्वी भट्टीवर घरचे तूप नेले जाई, त्यामागे बहुधा काटकसर आणि चव होती. पण त्यात एक शहाणपणही होते. नानकटाईत काय गेले, हे घरच्या बाईला माहीत असायचे.

मग साजूक तूप, लोणी निर्धोक?

ट्रान्स फॅटची भीती कळल्यावर अनेक घरांनी वनस्पती बंद करून साजूक तूप आणि लोणी सुरू केले. बदल योग्य दिशेने आहे. दुधाच्या चरबीत निसर्गतः थोडे ट्रान्स फॅट असते, पण ते अल्प. मात्र तुपातील साधारण ६० टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त असते, लोण्यात पाणीही असल्याने हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येते. पाम तेलात ते ५० टक्के, पाम कर्नल तेलात ८० टक्के आणि खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या घरात असते. सूर्यफूल, शेंगदाणा, मोहरी या तेलांत ते बरेच कमी, २० टक्क्यांच्या आत असते.

केकवरच्या पांढऱ्या क्रीमकडे इथे मुद्दाम पाहायला हवे. दुकानातून आणून घरी फेटले जाणारे 'नॉन-डेअरी' क्रीम दुधाचे नसते. बहुतेक वेळा त्यात हायड्रोजनेटेड पाम कर्नल तेल, साखर आणि फेस टिकवणारी द्रव्ये असतात. पाकिटावर ट्रान्स फॅट शून्य असेल, पण संपृक्त चरबी भरपूर असते. केक घरी केला, तरी त्यावरचे क्रीम कारखान्यातलेच असते.

संपृक्त चरबी दिवसाला साधारण २२ ग्रॅमच्या आत असावी, अशी शिफारस आहे. २५० ग्रॅम मैद्याच्या केकमध्ये १२५ ग्रॅम लोणी घातले, तर त्यात सुमारे ६४ ग्रॅम संपृक्त चरबी येते. बारा तुकडे केले तर प्रत्येकी पाच ग्रॅमहून थोडी अधिक. लोण्याऐवजी १०० मिलिलिटर सूर्यफूल तेल घातले, तर तुकड्यामागे ती साधारण एक ग्रॅमवर येते.

हे वाचून तेलाचा केक हवा तेवढा खावा, असे मात्र कुणी समजू नये. मैदा, २०० ग्रॅम साखर, तीन अंडी आणि लोणी मिळून या केकच्या कॅलरी होतात सुमारे २८००. तेल वापरले तरी त्या २७०० च्या खाली जात नाहीत. एका तुकड्याला सव्वादोनशे, म्हणजे जवळपास दोन पोळ्यांएवढ्या. चरबीचा प्रकार बदलल्याने कोलेस्टेरॉलला मदत होते. वजन आणि साखर यांसाठी तुकड्याचा आकारच लहान करावा लागतो.

तूप कुठे हवेच, कुठे नको?

स्वयंपाकघरातल्या जुन्या शब्दांत याचे उत्तर आहे. शंकरपाळ्यांच्या पिठात आपण मोहन घालतो. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांना लपेटतो, मग पाणी लागल्यावर पिठातील प्रथिनांची चिवट जाळी पुरती तयार होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. हे काम तेलही करते. चिरोट्यांना लावतो तो साटा वेगळा. तो घट्ट असल्यामुळे दोन पदरांमध्ये टिकून राहतो आणि पदर सुटे होतात. खारीचेही तेच. तिथे तेल चालत नाही. नानकटाईसाठी तूप फेसताना त्यात हवा कोंडली जाते, हलकेपणा तिच्यातून येतो. पातळ तेल तशी हवा धरून ठेवत नाही.

म्हणून सरळ विभागणी करावी. रोजच्या किंवा दर आठवड्याच्या गोष्टी, म्हणजे साधा केक, मफिन, पाव, या तेलावर करता येतात. अंडे आणि बेकिंग पावडर फुगवण्याचे काम सांभाळतात आणि तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. नानकटाई, खारी, चिरोटे यांना तूप लागणारच. ती सणाची आहेत, ती सणालाच करावीत, चांगल्या तुपात करावीत आणि आकाराने लहान करावीत. नानकटाईचे 'डाएट' रूप करून ती रोज खाण्यात काही हशील नाही.

बाजारातून बेकिंगचे सामान आणताना लेबल उलटून पाहण्याची सवय लावावी. मार्जरिन, शॉर्टनिंग, बेकरी फॅट ही नावे दिसली, की पुढचे बारीक अक्षर वाचावे. 'अंशतः हायड्रोजनेटेड' असे लिहिले असेल तर ते पाकीट परत ठेवावे. 'हायड्रोजनेटेड' एवढेच असेल तर संपृक्त चरबीचा आकडा पाहावा. सुटे, बिनलेबलचे तूप घेऊ नये. घरातून ऑर्डर घेऊन केक करणाऱ्या अनेक भगिनी आज संसाराला हातभार लावतात. क्रीम आणि चरबी कोणती वापरली, हे डब्यावर लिहिण्याचा प्रघात त्यांनी पाडला, तर तो त्यांच्याही फायद्याचा ठरेल. गिऱ्हाइकांनी ते विचारायला संकोच करू नये.

फराळाच्या तळणाचाही इथेच विचार व्हावा. चकल्या-करंज्यांचे उरलेले तेल गाळून पुन्हा पुन्हा कढईत ओतले जाते. प्रत्येक तापवण्याबरोबर ते बिघडत जाते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा तेलातील बिघडलेल्या घटकांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. घरी हे मोजता येत नाही. तेल काळपट झाले, फेस धरू लागला, लवकर धूर सोडू लागला किंवा चिकट झाले, की ते टाकून द्यावे. तळणाचे उरलेले तेल एक-दोन दिवसांत फोडणीत संपवावे आणि त्यात ताजे तेल मिसळून मुदत वाढवू नये.

राहिला प्रश्न, जपायचे कुणी. ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, त्यांना हे लागू आहेच. पण सडपातळ माणसाचेही एलडीएल वाढलेले असू शकते आणि ते वाढल्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. घरात वडील, काका, भाऊ यांपैकी कुणाला पंचावन्नच्या आत किंवा आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला पासष्टच्या आत झटका आला असेल, तर इतरांनी तिशीच्या आधीच रक्तातील चरबी तपासून घ्यावी. ही तपासणी साधी आहे आणि अनेक सरकारी रुग्णालयांत उपलब्ध असते. अहवाल डॉक्टरांना दाखवताना घरात महिन्याला तेल, तूप आणि लोणी किती लागते, तेही सांगावे. किराण्याच्या यादीवरून ते कुणालाही काढता येते. त्या आकड्याला घरातल्या माणसांनी आणि तीस दिवसांनी भागले, की प्रत्येकाच्या पोटात रोज काय जाते ते समजते, आणि डॉक्टरांचा सल्लाही त्या घरापुरता नेमका होतो.