पवनचक्कीचे खरे दोष, खोटे दोष

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरू लागल्याला वीसहून अधिक वर्षं झाली. सांगलीच्या ढालगाव भागात आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेल परिसरातही त्या आता रोजच्या झाल्या आहेत. एवढ्या काळात त्यांच्याभोवती समजही भरपूर साचले. कुणाला त्या फुकट विजेची खाण वाटतात, तर कुणाला दुष्काळाचं मूळ. या दोन टोकांच्या मध्ये त्यांच्या खऱ्या मर्यादा दडून राहतात.

गैरसमज: पंख्यांमुळे ढग पळतात आणि पाऊस पडत नाही.

वस्तुस्थिती: मोसमी वारे सह्याद्री चढताना आपलं बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकून देतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. हा पर्जन्यछायेचा प्रदेश पहिला मनोरा उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून कोरडा आहे. 1972च्या दुष्काळात तिथे एकही पवनचक्की नव्हती. पावसाळी ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात, पात्यांचं टोक मात्र शे-दोनशे मीटरवर संपतं. पाती जमिनीलगतची हवा घुसळतात, त्यामुळे आसपासच्या रात्रीच्या तापमानात थोडा फरक पडू शकतो. पण पाऊस अडवण्याची ताकद त्यांच्यात नाही.

गैरसमज: दोन मेगावॅटची चक्की म्हणजे कायम दोन मेगावॅट वीज.

वस्तुस्थिती: हा आकडा कमाल क्षमतेचा असतो. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला, की ऊर्जा एक अष्टमांशावर येते. सेकंदाला साधारण तीन मीटरपेक्षा कमी वाऱ्यात चक्की वीज देत नाही. बारा मीटरच्या आसपास ती पूर्ण क्षमता गाठते, आणि पंचवीसच्या पुढे मोडतोड टाळण्यासाठी स्वतःहून थांबते. म्हणून थांबलेली प्रत्येक चक्की नादुरुस्त नसते. दोन मेगावॅटची चक्की वर्षभर पूर्ण जोमाने चालली, तर सुमारे 1 कोटी 75 लाख युनिट देईल. प्रत्यक्षात 25 टक्के उत्पादन धरलं, तर हाती येतात 44 लाखांच्या आसपास.

गैरसमज: वारा रोजच असतो, मग कोळशाची गरज संपली.

वस्तुस्थिती: पवनविजेची सर्वांत मोठी मर्यादा इथेच आहे. आपल्याकडचा जोरदार वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरचा. विहिरींवरचे पंप जोरात चालतात ते रब्बीत, आणि पंखे-कूलरची मागणी चढते एप्रिल-मे महिन्यांत. पावसाळ्यातली जास्तीची वीज तोवर साठवून ठेवण्याची स्वस्त सोय नाही. बॅटऱ्या किंवा घाटघरसारखे पाणी वर चढवून ठेवणारे प्रकल्प काही तासांची गरज भागवतात, महिन्यांची नाही. जमेची बाजू अशी, की ढगाळ हवेत सौरवीज घटते तेव्हाच वारा वाढतो. दोन्ही जोडीने वापरले, तर उणीव बरीच भरून निघते, पण पूर्ण नाही.

गैरसमज: धूर नाही, म्हणजे निसर्गाला धक्का नाही.

वस्तुस्थिती: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीच्याच पठारावर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यांचा धाक गेल्याने तिथले सरडे वाढले आणि त्यांचं वागणंही बदललं. म्हणजे प्रश्न पात्याला धडकून मेलेल्या पक्ष्यांपुरता नाही. पठाराची सगळी अन्नसाखळीच हलते. शिवाय जड सुटे भाग वर नेण्यासाठी सड्यावर रुंद रस्ते कापावे लागतात. राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोकाला मोठा धोका आहे तो वीज वाहून नेणाऱ्या तारांचा. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

गैरसमज: चक्की बनवायला लागलेली ऊर्जा कधीच वसूल होत नाही.

वस्तुस्थिती: चांगल्या वाऱ्याच्या जागी ती साधारण वर्षभरात वसूल होते, आणि चक्कीचं आयुष्य असतं वीस-पंचवीस वर्षांचं. खरी अडचण शेवटी येते. मनोऱ्याचं पोलाद आणि तांबं भंगारात सहज विकलं जातं. पाती मात्र काचतंतू आणि राळेची. ती ना वितळतात, ना सहज वेगळी होतात.

गैरसमज: चक्क्या जितक्या जास्त, तितकी वीज जास्त.

वस्तुस्थिती: सुरुवातीच्या काळात गुंतवणूकदारांना घसाऱ्याच्या रूपाने भरघोस करसवलत मिळे. ती यंत्राच्या किमतीवर होती, युनिटवर नव्हे, म्हणजे चक्की उभारली की सवलत मिळे, मग वीज कितीही होवो. प्रत्येक युनिटमागे 50 पैसे प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना 2009च्या अखेरीस आली. तोवर उत्तम वाऱ्याच्या जागा छोट्या यंत्रांनी अडवल्या होत्या. आता तिथे मोठी यंत्रं बसवायची, तर अनेक मालकांची संमती, जमिनीचे करार आणि नव्या वाहिन्या असं सगळं जुळवावं लागतं.

त्यामुळे गावात नवा प्रकल्प येत असेल, तर ‘पाऊस जाईल का?’ हा प्रश्न ग्रामसभेत विचारून उपयोग नाही. वाऱ्याची मोजणी किती काळ केली, रस्ते कुठून जाणार, पठाराचा कोणता भाग मोकळा सोडणार, आणि पंचवीस वर्षांनी पाती उतरवून नेण्याचा खर्च करारात कोणाच्या नावावर आहे, हे विचारावं. उत्तरं लेखी घ्यावीत.