कोंबडा साफ करताना

लाखांदूरच्या धानाच्या बांधांवर चरणाऱ्या तितर-बटेरांच्या शिकारीच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. ती पाखरे रानातच शोभतात. आपल्यासाठी अंगणातला गावरान कोंबडा आहे.

मात्र तो साफ करताना आपण घाई करतो. धारदार सुरीने, ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’ म्हणून जबह करावा. रक्त वाहून तो पूर्ण थंड झाल्याशिवाय पिसांना हात लावू नये. पिसे सैल करायला गरम पाण्यात क्षणभरच बुडवावा. पोट न काढता उकळत्या पाण्यात तसाच राहिला, तर आतली घाण मांसात मुरते. हनफी फिकहमध्ये असे मांस नापाक मानले आहे. दुकानातही हे डोळ्यांसमोर करून घ्यावे. मग पित्ताची पिशवी न फोडता आतडी काढावीत आणि तीनदा धुवावे.

गावरान मांस चिवट असते. आले-लसूण, हळद, मीठ लावून तासभर ठेवावे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवावे. रस्सा थोडा जास्तच करावा. त्यातून शेजाऱ्यांना द्यावे, ही आपल्या नबी ﷺ यांची शिकवण आहे.