खेळ शिकवणाऱ्याचे शिक्षण

पनवेलच्या आसपास आगरी-कोळ्यांची जुनी गावे आहेत. ह्या गावांना कबड्डीचे भारी वेड. गावातला एखादा जुना खेळाडू संध्याकाळी पोरे गोळा करतो आणि त्यांना डाव शिकवतो. पुष्कळदा तो एक पैसाही घेत नाही. त्याचे उपकार मोठे आहेत. पण ज्याला खेळता येते, त्याला शिकवता येतेच का?

आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे काढली. स्वतः झटपट गणित सोडवणारा मास्तर मुलांना ते समजावून देईलच, असे नाही. खेळाचेही तसेच आहे. आणि गणित चुकले तर पाटी पुसता येते. गुडघा पुसून पुन्हा काढता येत नाही.

गुडघ्यात हाडांना बांधून धरणारे चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. कबड्डीत पकड झाली, पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग मात्र फिरले, तर हा पट्टा तुटू शकतो. "मुरगळला असेल, तेल चोळ आणि उतर मैदानात," असे सांगणारे गुरू गावोगाव भेटतात. मनाने चांगली माणसे बरं का! पण अशाने पोराचा पाय जन्माचा अधू होतो. शिकलेला प्रशिक्षक त्याचा खेळ थांबवतो, कापडात गुंडाळून बर्फ लावतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो. मानेला मार बसला असेल तर कोणाला उचलाउचल करू देत नाही.

हे शिक्षण मिळते कुठे? आपल्याकडे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवले. पुढे १९६१ साली सरकारने पंजाबात पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था काढली. तिला आता नेताजी सुभाषांचे नाव आहे. तेथे प्रशिक्षकाची पदविका मिळते. गावपातळीवर शिकवणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही असतो. शरीर कसे चालते, सराव कसा आखावा, वाढत्या मुलाला किती दमवावे, हे त्यात शिकवतात. शेवटी परीक्षा होते.

सहा आठवडे म्हणजे थोडे वाटतात. पण तळोज्याच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्याने तेवढे दिवस घर कसे चालवावे? आमचे स्पष्ट मत आहे की हा भार गावाने उचलावा. स्पर्धेचा मंडप, चषक, बक्षिसे ह्यांवर गाव हौसेने खर्च करतेच. एका वर्षी चषक थोडा लहान घ्यावा आणि एका माणसाला शिकायला पाठवावे.

कागदांचा घोटाळाही पुष्कळ होतो. पंच परीक्षा पास झालेल्याला नियम येतात. तो प्रशिक्षक असतोच असे नाही. बी. पी. एड. ही पदवी शाळेत शारीरिक शिक्षण देण्यासाठी आहे. स्पर्धेत भाग घेतल्याचे प्रमाणपत्र तर फक्त खेळल्याचे.

तेव्हा तुमचे मूल कोणाकडे शिकायला जात असेल, तर त्याचा कागद मागून स्वतः वाचा. आता वाचता येते, मग संकोच कशाला? कागद कोणी दिला, कोणत्या खेळाचा दिला, परीक्षा घेऊन दिला की नुसत्या हजेरीवर, हे बघा. हजेरीचा कागदही चांगला रंगीत असतो.