जुना ट्रॅक्टर, त्याहून जुना मालक

कोहलर हे नाव आपल्याकडे भेटतं ते बाथरूममध्ये. महागड्या नळावर, शॉवरवर, बेसिनवर. विस्कॉन्सिनमधली ही कंपनी 1873 सालची. 1883 मध्ये तिच्या संस्थापकाने जनावरांसाठीच्या ओतीव लोखंडी कुंडाला इनॅमल चढवलं, पाय लावले आणि ते अंघोळीचा टब म्हणून विकलं. तिथून कंपनी न्हाणीघरात शिरली. पण आयोवा, विस्कॉन्सिन, इंडियाना या पट्ट्यात एखाद्या पंचाहत्तरीच्या गृहस्थापाशी कोहलरचं नाव काढलं, तर त्याला नळ आठवेलच असं नाही. त्याला आठवतं एक सिलिंडरचं, बिडाचं पेट्रोल इंजिन. त्याच्या गॅरेजमधल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली ते साठ वर्षं धडधडतंय आणि यंदाही त्याला ते उघडायचं आहे. प्रश्न इंजिनाचा नसतोच. प्रश्न असतो, खाली वाकल्यावर परत उभं कसं राहायचं.

या यंत्राला तिकडे गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. आपल्याकडे द्राक्षबागेत फिरणारा छोटा ट्रॅक्टरसुद्धा पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा असतो. हा त्याच्याहून धाकटा: साधारण 7 ते 16 हॉर्सपॉवर, वजन तीनशे-चारशे किलो, उंची कमरेच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर बंगल्यांच्या वसाहती पसरल्या आणि घराभोवती अर्धा-एक एकर हिरवळ आली. उन्हाळ्यात गवत कापा, वसंतात भाजीचे वाफे नांगरा, हिवाळ्यात दारापुढचा बर्फ ढकला. हे सगळं एकाच यंत्राने करावं म्हणून ही जात जन्मली. 1946 मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला सेसिल पाँडने सुरू केलेल्या धंद्यातून व्हील हॉर्स हे ट्रॅक्टर आले. 1961 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट काढला. त्याचा गिअरबॉक्स कंपनीच्याच शेतातल्या ट्रॅक्टरवरून, फार्मॉल कबवरून, उचललेला होता. 1963 मध्ये जॉन डिअरचा 110 आला. पहिला कब कॅडेट आणि पहिला 110 बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण दोघांच्या पोटात इंजिन एकच: कोहलरचं 7 हॉर्सपॉवरचं के-161.

तेव्हा वडिलांच्या आवारात ज्या पोरांनी हे ट्रॅक्टर फिरवले, ती आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कंपन्यांची मालकी मात्र हातोहात फिरली. व्हील हॉर्स 1974 मध्ये मोटारी बनवणाऱ्या अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि 1986 मध्ये टोरोकडे. कब कॅडेट 1981 मध्ये एमटीडीकडे गेली, आणि 2021 मध्ये ती एमटीडीच स्टॅनले ब्लॅक अँड डेकरने घेतली. कारखान्यांवरच्या पाट्या बदलल्या, ट्रॅक्टर त्याच गॅरेजमध्ये राहिले.

इतकं टिकण्याचं कारण अगदी साधं आहे. के मालिकेतल्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. सिलिंडर झिजला तर मशिनशॉपमध्ये नेऊन दहा हजारांश इंच बोअर वाढवायचा आणि त्या मापाचा पिस्टन व रिंगा घालायच्या. पुढच्या खेपेला वीस हजारांश, मग तीस. क्रँकपिन घासली तर ती ग्राइंड करून कमी मापाचा कनेक्टिंग रॉड बसवायचा. हे सगळं सामान इतर कंपन्या आजही नवीन बनवतात. गाडीत संगणक नाही, सेन्सर नाही, वायरिंग मोजून आठ-दहा तारांचं.

एक कच्चा दुवा आहे, आणि तो ज्याने दुर्लक्षिला त्याने इंजिन घालवलं. या इंजिनाला ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखा एक दांडा असतो. तो दर फेऱ्याला तळातल्या ऑइलवर आपटतो आणि उडालेले शिंतोडे हेच वंगण. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा, मध्ये वेगळं बेरिंग नाही. ऑइल कमी पडलं किंवा इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांच्या वर पळवलं, की रॉड तुटतो आणि पुष्कळदा ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग ना बोअर कामाचा, ना पिस्टन. चढावर गवत कापणाऱ्याने ऑइलची पट्टी दर वेळी बघायची ती एवढ्यासाठी.

या यंत्रांवर म्हाताऱ्यांचा किती भरवसा असतो याचा पुरावा 1994 मध्ये अख्ख्या अमेरिकेने पाहिला. आयोवातल्या लॉरेन्स गावचे अ‍ॅल्विन स्ट्रेट तेव्हा 73 वर्षांचे होते. डोळे आणि पाय इतके गेलेले की मोटार चालवण्याचा परवाना मिळेना. विस्कॉन्सिनमध्ये थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आलेला, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून जाणं यांना मान्य नाही. मग 1966 सालच्या जॉन डिअरला मागे ट्रेलर जोडून ते निघाले: 240 मैल, ताशी पाच मैलांच्या वेगाने. वीसेक मैलांवरच, वेस्ट बेंड गावात, इंजिनाने मान टाकली. स्ट्रेट यांनी अडीचशे डॉलर मोजले. कन्डेन्सर, प्लग, जनरेटर, स्टार्टर असं सामान बदललं आणि ते पुढे लागले. चार्ल्स सिटीजवळ पैसे संपले, तर पेन्शनचा चेक येईपर्यंत तिथेच मुक्काम ठोकला. भावाचं घर दोन मैलांवर असताना यंत्र पुन्हा बंद पडलं. एका शेतकऱ्याने मदत केली आणि पंधरा ऑगस्टला ते पोचले. 1999 मध्ये डेव्हिड लिंचने यावर ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा चित्रपट काढला. प्रमुख भूमिकेतले रिचर्ड फार्न्सवर्थ स्वतः कर्करोगाने बेजार होते; 79 व्या वर्षी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

त्या प्रवासाची गोष्ट सांगताना लोक भावाभावांच्या प्रेमावर बोलतात, ते ठीकच. पण दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेतून त्यातली वेस्ट बेंडची थांबणूक जास्त मोलाची. अट्ठावीस वर्षांचं यंत्र वाटेत बसलं आणि एका लहान गावात, पेन्शनीच्या पैशांत, पुन्हा चालू झालं. आज नव्या, सर्किट बोर्डवाल्या यंत्रावर कुणी हा बेत करून पाहावा.

मग म्हाताऱ्या मालकाचं अडतं कुठे? जमिनीशी. यंत्र बुटकं, म्हणून त्याचं निम्मं काम आडवं पडून करायचं. गवत कापायचा डेक पोटाखाली. तो काढून पाती लावायची म्हणजे चाळीस-पन्नास किलोचं पत्र्याचं धूड बाजूने ओढायचं. मागच्या टायरांत पकड वाढावी म्हणून पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरत. त्यामुळे एका चाकाचं वजन पाव क्विंटलने वाढतं, शिवाय व्हॉल्व्हपाशी पाणी झिरपलं की रिम आतून सडते. तिशीत हे चाक मांडीवर घेऊन बसवता येतं. पंचाहत्तरीत ते अंगावर येतं.

कब कॅडेटचा क्लच हे याचं उत्तम उदाहरण. 1963 नंतरच्या मॉडेलांत इंजिनापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत एक लांब शाफ्ट जातो आणि क्लच त्याच शाफ्टवर, चासीच्या दोन पट्ट्यांच्या बोळात. क्लच काढायचा तर शाफ्ट काढायचा, आणि शाफ्ट काढायचा तर मागच्या कपलिंगमधली पिन आधी ठोकून बाहेर घालवायची. ही पिन भरीव नाही. पोलादी पट्टीची घट्ट गुंडाळी असते. साठ वर्षांच्या गंजाने ती भोकात चिकटलेली. नेमक्या मापाचा सुंबा तिच्या तोंडावर सरळ धरायचा आणि वीतभर जागेत हातोडी चालवायची. सुंबा तिरका गेला की पिनचं तोंड पसरतं आणि ती कायमची बसते. ज्याची बोटं संधिवाताने वाकलीत, त्याच्यासाठी हे काम म्हणजे शिक्षाच. जाणते लोक आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवतात, दुसऱ्या दिवशी कपलिंगला थोडी आच देतात आणि मगच हातोडी उचलतात. ताकदीची तूट वेळेने भरून काढायची. निवृत्त माणसाकडे तोच एक माल मुबलक असतो.

सगळ्यात मोठा फरक पाडते ती उंची. मोटारसायकल दुरुस्तीसाठी मिळणारं हायड्रॉलिक टेबल गॅरेजमध्ये आलं, की ट्रॅक्टर माणसापर्यंत वर येतो, माणसाला त्याच्याकडे खाली जावं लागत नाही. आधी त्या टेबलाची क्षमता किती किलोची ते वाचायचं, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली हात घालायचा नाही. इतकं पाळलं तर पुष्कळ कामं स्टुलावर बसून होतात. ग्रीसगन आता बॅटरीवर चालते, डेकच्या पुढे बारकी चाकं लावून तो ढकलता येतो. यात कमीपणा वाटून न घेणं, हे मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही.

इग्निशनच्या पॉइंटचं काम वेगळ्या कारणाने जड जातं. आपल्याकडे जुनी येझदी किंवा लॅम्ब्रेटा सांभाळणाऱ्यांना ते सांगायला नको. के इंजिनाचे पॉइंट ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला, एका झाकणाखाली. दोन टोकांतलं अंतर वीस हजारांश इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ठेवायचं. फीलर गेजची पाती मध्ये सरकवायची, स्क्रू आवळायचा आणि आवळताना अंतर बदललं की पुन्हा सुरुवात. इथे जोर लागत नाही, नजर लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि कपाळावरचा दिवा, दोन्ही झाल्यावर अनेकांचे ट्रॅक्टर एकाएकी पहिल्या किकला सुरू होऊ लागतात, असं गमतीने म्हणायला हरकत नाही. किक मात्र नाही. बहुतेकांना स्टार्टर आणि जनरेटर एकाच नळकांड्यात असलेलं, पट्ट्यावर फिरणारं यंत्र असतं.

नवा खरेदीदार साठीच्या पुढचा असेल, तर त्याने रंगापेक्षा गिअरबॉक्स बघावा. 1966 च्या सुमाराला आलेल्या कब कॅडेट 123 मध्ये हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह होता: एक दांडी पुढे केली की गाडी पुढे, मागे केली की मागे. गिअर टाकताना क्लच दाबायची गरजच नाही. डावा गुडघा बदललेल्या माणसाला ही गोष्ट मखमली सीटपेक्षा उपयोगी.

पेट्रोलचा घोळ तर आता आपलाही आहे. अमेरिकेत बहुतेक पंपांवर दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. भारतात हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं आणि त्यातलं बरंच इथेनॉल महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून येतं. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. महिनोन् महिने उभ्या यंत्रात ते पाण्यासह टाकीच्या तळाशी वेगळं पडतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, कार्बोरेटरच्या बारीक जेटांत घाण धरतं. बर्फाच्या दिवसांत चार वेळा आणि मग थेट एप्रिलमध्ये चालणाऱ्या ट्रॅक्टरला हे बाधतं. उपाय स्वस्त आहेत: नळ्या नव्या टाकायच्या, ठेवण्याआधी टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, जमेल तिथे इथेनॉलविरहित पेट्रोल घ्यायचं.

पोरंबाळं काळजीने जे सांगतात त्यातलं बरंच खरं असतं. या जुन्या ट्रॅक्टरांत सीटवरून माणूस उठला की इंजिन बंद करणारा स्विच नसतो. चालक पडला तरी पाती फिरत राहतात. उलटल्यावर डोकं वाचवणारी कमान नाही. विस्कॉन्सिनच्या थंडीत दार लावून इंजिन तपासायचा मोह होतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला पात्याचा साधा ओरखडाही महागात जातो. पेसमेकर असेल तर चालू इंजिनाच्या इग्निशनपासून निदान फूटभर दूर राहायला सांगतात. सीटखाली स्विच बसवणं तासाभराचं काम आहे. जुनेपणा बिघडतो म्हणून ते टाळणाऱ्यांची बाजू घेणं अवघड.

जिथे हात पुरत नाहीत तिथे माणसं लागतात, आणि ती मिळतात जत्रांमध्ये. आयोवातल्या माउंट प्लेझंटला 1950 पासून सप्टेंबरच्या तोंडावर जुन्या यंत्रांचा मेळा भरतो. इंडियानातल्या पोर्टलंडला ऑगस्टमध्ये. तिथे सुट्या भागांचा जुना बाजार असतो, नांगरटीची प्रात्यक्षिकं असतात, आणि गार्डन ट्रॅक्टरने वजन ओढण्याच्या शर्यतींसाठी आलेली विशी-तिशीतली पोरं असतात. या पोरांना कब कॅडेटची चासी हवी असते आणि म्हाताऱ्यांना मनगट. एका दुपारची इंजिन उतरवायची मदत आणि त्याबदल्यात एक जास्तीचा गिअरबॉक्स, असे सौदे तिथे सहज जमतात.

सोडून द्यायची वेळ आली की आधी जड अवजारं विकावीत: बर्फ उडवणारा ब्लोअर, रोटरी टिलर, ओतीव वजनं. तीच कंबर मोडतात, आणि चालू स्थितीत असताना त्यांना गिऱ्हाईक असतं. उरलेल्या सामानाला चिठ्ठ्या बांधाव्यात. कुठल्या मॉडेलचा, कुठल्या सालचा, बोअर किती वाढवलेला, पॉइंट शेवटचे कधी बदलले. मालक गेल्यावर घरचे लिलाव पुकारतात तेव्हा कुणाला काही विचारायची सोय नसते. चिठ्ठी असलेला कार्बोरेटर त्याच्या किमतीला जातो, बिनचिठ्ठीचा बादलीभर लोखंडाबरोबर भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो.