सिंगापूरमधील चिनी शब्दांची उजळणी

सिंगापूरच्या लोकसंख्येत चिनी वंशाच्या नागरिकांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश आहे. तरीही तेथील माध्यमिक शाळांत चिनी शिकविणाऱ्या शिक्षकाचे काम अलीकडे अधिकच अवघड झाले आहे. १९६६ पासून माध्यमिक शाळांत दुसरी भाषा सक्तीची करण्यात आली. पुढे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आणि चिनी मुलांसाठी दुसरी भाषा मँडरिन, ही व्यवस्था स्थिरावली. मात्र इंग्रजी घरातही शिरली. २०१० च्या जनगणनेत घरी प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे ३२.३ टक्के होते. २०२० मध्ये ते ४८.३ टक्के झाले. मँडरिनचे प्रमाण याच काळात ३५.६ वरून २९.९ टक्क्यांवर आले. वर्गात शिकलेला शब्द संध्याकाळी घरी पुन्हा कानावर पडेल, अशी खात्री आता अनेक घरांबाबत देता येत नाही.

आणि शब्द पुन्हा भेटला नाही की तो विसरला जातो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की, पाठ केलेले बरेचसे पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवून धरते. व्हॉट्सॲपसारख्या समाजमाध्यमाचा उपयोग होतो तो नेमका येथे. शिक्षकाने वर्गाच्या गटावर रोज सायंकाळी पाच शब्द पाठवावेत, तेच शब्द तिसऱ्या व आठव्या दिवशी निराळ्या वाक्यांत पुन्हा आणावेत, एवढीच ही पद्धत. नवे धडे तेथे शिकवावयाचे नसतात.

चिनी भाषेच्या बाबतीत ध्वनिसंदेशाला विशेष महत्त्व आहे. देवनागरी अक्षरे ओळखणारा मुलगा अपरिचित शब्दही वाचू शकतो. चिनी चिन्हावरून उच्चाराची फार तर चाहूल लागते. त्यातच उच्चाराच्या चढउताराने अर्थ बदलतो. ‘माइ’ हा उच्चार खाली नेऊन पुन्हा वर उचलला तर अर्थ ‘विकत घेणे’. तोच वरून झटक्याने खाली आणला तर ‘विकणे’. बाजारात हा घोटाळा परवडणारा नव्हे! शिक्षकाचा आवाज घरी हवा तितक्या वेळा ऐकता येतो. वर्गात तोंड न उघडणारा लाजाळू विद्यार्थीही एकांतात आपला उच्चार ध्वनिमुद्रित करतो, पसंत न पडल्यास पुसून पुन्हा करतो आणि मगच पाठवितो.

लेखनाच्या बाबतीत मात्र हेच साधन दगा देते. फोनवर रोमन अक्षरांत ‘माइ’ टंकित केले की त्या उच्चाराची अनेक चिन्हे समोर येतात. विद्यार्थ्याने केवळ योग्य ते निवडावयाचे असते. चिन्ह ओळखणे आणि ते हाताने लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये होत. ‘विकणे’ याचे चिन्ह म्हणजे ‘विकत घेणे’ या चिन्हाच्या माथ्यावर काढलेली अधिकची फुली. हा भेद बोटाने निवडून हाताच्या सवयीत उतरत नाही. म्हणून पाचही शब्द वहीत लिहून त्या पानाचे छायाचित्र गटावर पाठविण्यास सांगणे इष्ट ठरते. नदी, सरोवर, समुद्र व धुणे या चारही शब्दांच्या चिन्हांत डावीकडे पाण्याचे तीन ठिपके असतात. असे गट करून दिल्यास लिहिण्याचा भार पुष्कळ हलका होतो.

व्यवहाराच्या अडचणीही आहेत. व्हॉट्सॲपसाठी वयाची किमान मर्यादा १३ वर्षांची आहे आणि माध्यमिकच्या पहिल्या वर्गात बारा वर्षांची मुलेही असतात. त्यांच्यासाठी पालकांच्या फोनवर किंवा छापील कागदावर सोय करावी लागते. जानेवारी २०२६ पासून तेथील माध्यमिक शाळांत संपूर्ण शालेय वेळेत फोन वापरण्यास मनाई करण्यात आली आहे. त्यामुळे ही उजळणी सायंकाळीच होणार. शिक्षकाच्या वेळेचा हिशेब तर सहसा कोणी मांडतच नाही. तीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा ध्वनिसंदेश पाठविला, तर एका वर्गाचे नुसते ऐकण्यासच पंधरा मिनिटे लागतात, आणि शिक्षकाकडे वर्ग एकच नसतो. प्रत्येक वर्गातील सहा-सात जणांचे संदेश आळीपाळीने रोज ऐकले, तर आठवड्यात सर्वांची पाळी येते.