मस्टरवर नाव नसलेली आई

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, त्या थेट ऑक्टोबरपर्यंत. गिरणगावाने तोवर पाहिलेला हा सर्वांत मोठा संप. तो ऐन भरात असताना, २८ जुलैला, मुंबई कायदेमंडळात एका विधेयकावर चर्चा झाली. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या काळात घरी बसता यावं आणि त्या दिवसांचे पैसेही मिळावेत, एवढीच त्या विधेयकाची मागणी होती. विधेयक आसवले यांचं होतं. त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिलेल्यांत सदतीस वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

आंबेडकरांनी दोन गोष्टी मांडल्या. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळण्यात साऱ्या देशाचं हित आहे, तेव्हा हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण पाहणं हे आधी सरकारचं काम, ही पहिली. दुसरी अशी, की म्हणून मालकाला हात झटकता येणार नाहीत. तो बाईला कामावर ठेवतो ते त्याला त्यात फायदा दिसतो म्हणून, आणि ज्याला फायदा मिळतो त्याने खर्चाचा वाटाही उचलला पाहिजे.

१९२९ साली कायदा झाला. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याच्या चार-पाच वर्षं आधी ना. म. जोशी यांनी याच विषयावर केंद्रीय कायदेमंडळात आणलेलं विधेयक फेटाळलं गेलं होतं, म्हणजे मुंबईने दिल्लीच्या आधी पाऊल टाकलं. रजेच्या काळासाठी दिवसाला आठ आणे ठरले. पण ते आठ आणे द्यायचे मालकाने आणि एकट्याने. आंबेडकरांच्या मांडणीतला दुसरा भाग कायद्यात उतरला. पहिला उतरला नाही, आणि आज शंभरी जवळ आली तरी तो तसाच पडून आहे. त्याची किंमत आपण किती मोजली आणि आता कामाचं रूपच पालटल्यावर किती मोजतो आहोत, ते या लेखात पाहायचं आहे.

गिरणीतल्या बायका मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत असत. त्यांच्यावर देखरेख ठेवायला नायकीण. मजुरी बहुतेक कामाच्या मापावर. बाळंतपणाला अनेक जणी कोकणात नाहीतर घाटावर आपल्या गावी जात. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ चा. तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल कामगार वस्तीत किती सर्रास होती, हे त्यात नोंदलेलं आहे. आई दहा तास खात्यात असताना मूल निजून राहावं, एवढ्यासाठी ती गोळी. त्या बायांना बेजबाबदार ठरवणं सोपं होतं, आणि तसं ठरवणारे तेव्हाही कमी नव्हते. पण आईने घरी थांबावं आणि चूलही पेटती राहावी अशी सोय कोणी केलेली नसेल, तर मूल निजवूनच ठेवावं लागतं.

विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हे प्रमाण घसरत गेलं. सगळं खापर १९२९ च्या कायद्यावर फोडणं अन्यायाचं होईल. रिळिंगचं काम घटलं, नवी यंत्रं आली, कमी माणसांत जास्त काम काढण्याची पद्धत आली, रात्रपाळीत बायकांना ठेवायला बंदी होती. तरी एक हिशेब मालकाच्या वहीत कायम राहिला: बाई ठेवली की खर्च आपल्या एकट्याच्या अंगावर, पुरुष ठेवला की काही नाही. कायदा आईच्या बाजूचा, पण पैशाची व्यवस्था अशी, की आई होऊ शकणारी बाईच नको वाटावी.

१९६१ च्या केंद्रीय प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ मध्ये ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. ही मोठी झेप होती आणि तिचं स्वागत करायलाच हवं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००० साली चौदा आठवड्यांचा किमान दंडक घातला होता, त्याच्या आपण बरेच पुढे गेलो. पण सव्वीसच्या सव्वीस आठवड्यांचा पगार पुन्हा मालकाच्याच खिशातून. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सात आठवड्यांच्या पगाराची भरपाई सरकारने देण्याचा प्रस्ताव केंद्रीय मंत्रालयाने जाहीर केला, तो जाहीर होण्यापलीकडे गेला नाही. लहान कंपन्यांनी व्हायचं तेच केलं. मुलाखतीत ‘लग्न झालंय का?’ आणि मग ‘पुढचं प्लॅनिंग काय?’ हे प्रश्न ज्या मुलींना विचारले गेले, त्यांना या कायद्याची बाजू कुठे लंगडी पडते ते कोणी समजावून सांगायला नको.

हे टाळता येत नाही असं नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याकडेच आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ईएसआयमध्ये, बाळंतपणाच्या रजेचे पैसे महामंडळ देतं. मालक प्रत्येक कामगारामागे, मग तो पुरुष असो की बाई, पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो आणि कामगार पाऊण टक्का. त्यामुळे एखादी बाई रजेवर गेली तर रजेच्या पगाराचा भार मालकावर येत नाही. पण २०१७ मध्ये ठरलेली एकवीस हजारांची पगारमर्यादा ओलांडली की बाई पुन्हा मालकाच्या गल्ल्यावर अवलंबून. चांगली कल्पना आपण निम्म्या वाटेत सोडून दिली, असं मला हे वाचताना दर वेळी वाटतं.

आता कामाकडे वळू. कारण कायदा मालक शोधत निघाला आहे आणि मालक दिसेनासा झाला आहे.

कायद्याची अट बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस कामाची. एका मालकाकडे, मस्टरवर. दिल्ली महापालिकेत रस्ते खणणाऱ्या, खडी टाकणाऱ्या रोजंदारीवरच्या बायकांना ‘तुम्ही कायम नाही’ म्हणून रजा नाकारली गेली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ८ मार्च २००० रोजी न्यायालयाने निकाल दिला, की मस्टर रोलवरच्या बाईलाही हा हक्क आहे. निकाल अतिशय माणुसकीचा आणि पक्का. पण त्या बायकांचं नाव निदान मस्टरवर तरी होतं.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकांचं काय? सेट-नेट झालेली, पीएच.डी. झालेली ही बाई तास घेईल तेवढ्याचेच पैसे घेते. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, मे महिना बिनपगारी, मग बाळंतपण पगारी कुठून असणार? पुढच्या सत्रात पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. गरोदरपणाचे महिने सत्राशी जुळवून घ्यायचे, एवढाच तिच्या हातातला उपाय. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असलेल्या हजारो जणी हेच गणित वेगळ्या कॅलेंडरवर मांडतात.

आणि आशा. आपल्या गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद करणारी, तिला तपासणीला नेणारी, कळा सुरू झाल्या की रात्री गाडी मिळवून दवाखान्यात पोचवणारी. सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका, तिला पगार नव्हे, कामागणिक मोबदला. तिचं स्वतःचं बाळंतपण आलं की तेवढ्या दिवसांची कामं होत नाहीत, म्हणजे मोबदलाही बुडतो.

पुण्यात ॲपवरून बुकिंग घेऊन घरोघर पार्लरचं काम करणाऱ्या एका मुलीशी मी बोलले. सातव्या महिन्यापर्यंत ती स्कूटरवर ती अवजड बॅग घेऊन फिरत होती. रजेचं विचारलं तर म्हणाली, “रजा कसली ताई? ॲप बंद ठेवलं की झाली रजा. पण जास्त दिवस बंद ठेवलं तर नंतर कामंच पडत नाहीत आपल्याकडे.” तिला कामावरून कोणी काढलं नाही, रजाही कोणी नाकारली नाही. विचारायला समोर माणूसच नव्हता. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात असं काम करणारे ७७ लाख लोक २०२०-२१ मध्ये होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे.

पण ‘नव्या’ कामाचं हे रूप मराठवाड्याला मुळीच नवं नाही. मालक न दिसणारं, दिवसाच्या हिशेबावर चालणारं काम बीड जिल्हा कित्येक दशकं करतो आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली जाते ती कोयत्यावर, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हाती. मुकादम कारखान्याकडून पैसे आणतो, टोळी जमवतो, हिशेब ठेवतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. बाई पहाटे कोपीत भाकऱ्या थापते, फडात वाढं बाजूला करून मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात. पोटुशी बाई फडात जाते ती या खाड्याच्या धाकाने. कित्येक जणी कोपीतच बाळंत होतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मोळ्या उचलतात, बांधावर झोळीत तान्हं मूल.

त्याच धाकाचं टोक २०१९ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. तिशी-पस्तिशीतल्या बायका. पाळीचे चार दिवस, पोटदुखीचे दोन दिवस, सगळेच खाड्यात जमा होतात म्हणून दुखण्याचं मूळच काढून टाकण्याचा सल्ला त्यांना मिळत गेला आणि तो त्यांनी मानला. प्रसूतीच्या रजेवरची आपली चर्चा शहरी नोकरदार बाईच्या सव्वीस आठवड्यांवर थांबते, याचा मला राग येतो तो इथे. त्या सव्वीस आठवड्यांबद्दल तक्रार नाही. या बायकांच्या वाट्याला शून्य आठवडे आहेत, ही तक्रार आहे.

सरकार काहीच देत नाही असं नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार रुपये मिळतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने मात्र किमान सहा हजारांचा शब्द दिला होता आणि तो पहिल्याच मुलापुरता नव्हता. पाच हजारांत ऊसतोडीचे किती खाडे भरून निघतात, याचा हिशेब कोणत्याही टोळीत मिळेल.

बापाबद्दल कायदा जवळजवळ गप्प आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. २०१७ मध्ये हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. पंधरा दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय, आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की असंघटित आणि स्वयंरोजगारातल्या बापांचाही त्यात विचार होता. पैसा निधीतून यायचा आणि त्यात मालक, कर्मचारी, केंद्र सरकार अशी सगळ्यांनी भर घालायची. बहुतेक खासगी विधेयकांसारखं तेही मागे पडलं. सातव २०२१ मध्ये गेले. स्वीडनने १९७४ मध्येच आईची रजा काढून आई-बापांची मिळून रजा आणली. आज तिथे ४८० दिवस मिळतात, त्यांतले नव्वद-नव्वद दिवस प्रत्येकाचे राखीव, आणि पैसे सामाजिक विम्यातून येतात. स्वतःचं दुकान चालवणारी बाईसुद्धा त्यात बसते, कारण तिथे हक्क माणसाला चिकटलेला आहे, मालकाला नाही.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची पहिल्यांदाच कायद्यात नोंद झाली. ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरायची, आणि त्या निधीतून ज्या योजना करता येतील त्यांत प्रसूती लाभाचंही नाव आहे. दिशा बरोबर आहे. पण ‘करता येतील’ आणि ‘मिळेल’ यांतलं अंतर पार्लरवाल्या त्या मुलीने नेमकं कसं कापायचं, ते संहिता सांगत नाही.

हे अंतर कापण्याची कला महाराष्ट्राला अवगत आहे, आणि म्हणून ‘हे परदेशात जमतं, इथे नाही’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. बाजारात आज या गाळ्यावर आणि उद्या त्या गाळ्यावर पोती उचलणाऱ्या हमालाचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने या प्रश्नाला सरळ वळसा घातला. ज्याचं ओझं उचललं त्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरायची, मंडळ पगार देणार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना पाहणार. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून उभी राहिलेली ही व्यवस्था ॲपच्या कामगाराला जशीच्या तशी लागू पडते. उलट ॲपवर प्रत्येक कामाची नोंद आपोआप होत असल्याने लेव्ही कापणं सोपं. रोजगार हमीसाठी तर शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला आणि तो दुष्काळी तालुक्यांतल्या मजुरांसाठी वापरला गेला. अनोळखी माणसाच्या अडचणीसाठी थोडे पैसे काढून ठेवणं हे या राज्याने कायद्याने करून दाखवलं आहे.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे आणि त्यासाठी गाळपाच्या उसावर टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले. बऱ्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे शंभर कोटी रुपये. एका बाईला बारा आठवडे, रोज पाचशे रुपये धरले तर बेचाळीस हजार होतात. सगळी रक्कम बाळंतपणावरच खर्चावी असं मी म्हणत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगते: शंभर कोटींत जवळजवळ चोवीस हजार बायकांची रजा भागते. टनामागे दहाचे पंधरा केले तर साखरेच्या किलोमागे पाच पैशांच्या आसपास फरक पडेल.

त्याआधी एक काम मात्र यंदाच्या हंगामातच करता येण्यासारखं आहे, त्याला नवा कायदा लागत नाही. ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड मजुरांची नोंदणी होते, ओळखपत्रं दिली जातात. तिथे कोयत्याची नोंद न होता बाईची स्वतंत्र नोंद व्हावी, ओळखपत्र तिच्या नावाचं असावं आणि बँक खातं तिचं. पैसे कुठूनही येवोत, ते कोणाच्या खात्यात जमा करायचे हे आधी ठरलेलं असावं.