जुन्या गाडीचा डायनामो काढून अल्टरनेटर बसविताना



आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात अजून एखादी जुनी जीप, फियाट नाहीतर ॲम्बेसेडर उभी आहे. वडिलांनी घेतलेली गाडी, ती विकवत नाही; आणि चालवावी तर रात्रीचा भरवसा नाही. अशा डायनामोवाल्या गाड्यांसाठी ही माहिती देत आहोत.

गेल्या पावसाळ्यात आम्ही कर्जतला एका लग्नाला गेलो होतो. परतताना पळसदरीवरून खोपोलीला आलो तोवर अंधार पडला. बोरघाटात जुन्या रस्त्याला ट्रकांची रांग लागलेली. पाऊस, धुके, हेडलाइट चालू, वायपर चालू, आणि जीप जागच्या जागी उभी. तासाभरात उजेड तांबूस पडला, वायपर अर्ध्यात थांबला, आणि शेवटी इंजिनच बंद पडले. मागे दिवा नाही, आणि मागून मालट्रक येताहेत. चाकामागे दगड लावून आम्ही बॅटरीचा टॉर्च हलवीत उभे राहिलो. त्या रात्री थोडक्यात निभावले.

बॅटरी नवी होती. मग चूक कोणाची? हिशेब मांडला तेव्हा कळले. दोन हेडलाइट ६० वॉटचे, म्हणजे १२० वॉट. बाकीचे छोटे दिवे मिळून पंचवीस. बारा व्होल्टवर हे झाले सुमारे १२ अँपिअर. वायपर आणि इग्निशनचे सहा-सात धरा. एकूण खर्च १८ ते १९ अँपिअर. त्या काळचा डायनामो भरधाव फिरला तरी देणार २२ च्या आसपास, आणि गाडी उभी असताना जवळजवळ काहीच नाही. म्हणजे रांगेत उभी गाडी नुसती बॅटरी खात होती. आवक नाही आणि उचल चालू. असे खाते किती दिवस चालणार?

दोघांत फरक काय?

डायनामोत लोहचुंबक जागेवर असतो आणि तारांचे आर्मेचर फिरते. तयार झालेली सगळी वीज फिरत्या भागातून कार्बनवाटे बाहेर काढावी लागते. त्यामुळे तो फार जोरात फिरवता येत नाही. कार्बन झिजतात, ठिणग्या पडतात.

अल्टरनेटरमध्ये उलटे आहे. चुंबक फिरतो आणि तारा जागेवर असतात. कार्बनमधून फक्त चुंबकापुरती दोन-चार अँपिअर वीज जाते; मोठा प्रवाह स्थिर तारांतून सरळ बाहेर येतो. म्हणून लहान पुली लावून तो इंजिनच्या दुपटीने किंवा जास्त फिरवता येतो, आणि गाडी उभी असतानाही चार्जिंग होते. आपल्या कारखान्याच्या पॉवर हाऊसमधला टर्बो-अल्टरनेटर याच तत्त्वावर चालतो. घाटातून येताना खोपोलीला जे मोठे पाइप डोंगरावरून उतरलेले दिसतात, त्या टाटांच्या १९१५ सालच्या वीजघरातही हेच तत्त्व आहे.

मग मोटारीला हे उशिरा का मिळाले? कारण अल्टरनेटरची वीज उलटसुलट वाहणारी, आणि बॅटरीला लागते एकाच दिशेची. लहान आणि टिकाऊ सिलिकॉन डायोड निघाल्यावर हा प्रश्न सुटला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या सुमारास मोटारीत अल्टरनेटर दिला. डायोड वीज उलटी जाऊ देत नाहीत, त्यामुळे जुना कटआउटही लागत नाही.

बदल करताना हे पाहावे

१. बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे ते आधी बघा. काही जुन्या इंग्लिश धर्तीच्या गाड्यांत प्लस बाजू बॉडीला असते. अल्टरनेटर बहुधा मायनस अर्थचा असतो. तेव्हा बॅटरी फिरवून इग्निशन कॉइलच्या आणि ॲमीटरच्या तारा बदलून घ्याव्यात. सहा व्होल्टची गाडी असेल तर आधी ती बारा व्होल्टची करावी.

२. आत रेग्युलेटर असलेला, ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर पुरतो. ब्रॅकेट जाड पट्टीचे करावे. पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी धरून पाहावे. बेल्ट अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा.

३. जुना कटआउट-रेग्युलेटर जोडणीतून पूर्ण काढावा. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड केबल टाकावी, मध्ये योग्य फ्यूज द्यावा. आमच्या मिस्त्रीने पहिल्या वेळी जुनीच तार ठेवली. चौकच्या अलीकडेच जळका वास आला. तार २२ अँपिअरची, तीतून ४० कसे जाणार?

४. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा छोटा दिवा जोडलाच पाहिजे. त्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते. ॲमीटर ३० चा असेल तर तो वगळून व्होल्टमीटर लावावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की काम बरोबर.

आणि हे करू नये

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग होतेय का' हे पाहण्याची जुनी सवय सोडा. डायोड क्षणात जातात. गाडीला वेल्डिंग करायचे तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या तारा सोडवा. बॅटरी उलटी जोडू नका. आणखी एक: बॅटरी साफ बसली असेल तर डायनामोची गाडी कधीकधी धक्का मारून चालू व्हायची, अल्टरनेटरला सुरुवातीला थोडी तरी वीज लागते, तेव्हा धक्क्यावर विसंबू नका.

काढलेला डायनामो भंगारात घालू नये. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावा. उद्या नातवाला गाडी मूळ रूपात हवी झाली तर उपयोगी पडेल.

शेवटी, हे जुन्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. मागचा दिवा मिणमिणता असेल तर मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसतच नाही. अल्टरनेटरचा खर्च एकदाच आहे. अपघाताचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या वाहनाचे दिवे आणि चार्जिंग तपासून घ्यावे, ही विनंती.